मोठ्या पेटीचा दम

जर्मनीला जाऊन आलो, हे सांगण्याआधी मला गफूरचाचांचं नाव घ्यायला हवं. ते नसते तर मी जर्मनीला सोडाच, वडवणीच्या शाळेत दहावीपर्यंतही पोचलो नसतो.

बीड जिल्ह्यात, वडवणीचा आठवडी बाजार भरतो त्या रस्त्याला चाचांचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. आसपासच्या सगळ्या भजनी मंडळांच्या पेट्या तिथे यायच्या. माझे दादा, म्हणजे वडील, आमच्या वाडीच्या मंडळात टाळ वाजवायचे आणि मंडळाची पेटी डोक्यावर घेऊन चाचांकडे जायचे. तेवढीच दोघांची ओळख. दिवाळी झाली की आईदादा ऊसतोडीला निघायचे ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायचे. वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर ट्रॅक्टरवर चढायची आणि तेव्हापासून पाडव्यापर्यंत त्यांची शाळा बंद. मी पाचवीत गेलो त्या वर्षी दादा पेटी न्यायला आले, तेव्हा चाचा म्हणाले, "पोरगं हिथं ऱ्हाऊ दे. त्याच्या हातात आत्ताच कोयता कावून देतो?" दादांनी मला तिथेच ठेवलं. असे सहा हंगाम मी चाचांच्या घरी काढले. चाची माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी द्यायच्या. शाळेतून आलो की मी दुकानात बसायचो. पुढे वसतिगृहात राहून इंजिनियर झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आता एका साखर कारखान्यात वाफ, हवा, पाणी यांचे दाब मोजणारी यंत्रं सांभाळतो आणि तेलगावला राहतो.

कारखान्याने पाकातून साखर वेगळी करायची नवी यंत्रं घ्यायचं ठरवलं आणि ती बघायला आम्हा दोघांना बारा दिवसांसाठी जर्मनीला पाठवलं. मी आणि आमच्या गाळप विभागाचे सोनवणे. निघण्याच्या दोन दिवस आधी मी चाचांच्या पाया पडायला वडवणीला गेलो.

दुकानाच्या मध्यभागी एक पायपेटी उघडी पडली होती. पायपेटी म्हणजे खुर्चीवर बसून, दोन्ही पायांनी भाता हलवत, दोन्ही हातांनी वाजवायची मोठी पेटी. पूर्वी नाटकवाल्यांकडे असायची. ही पेटी एका मोडलेल्या नाटक मंडळीकडून लिंबागणेशकडच्या एका वाडीतल्या भजनी मंडळाकडे आली होती. चाचा तिच्यासमोर बसले होते. तीन पट्ट्या दाबून त्यांनी पाय मारायला सुरुवात केली. आवाज भरून आला, मग बसला, सावरला, पुन्हा बसला.

"ऐकलं?" चाचा म्हणाले. "एक सूर धरला तर कळत न्हाई. तीन धरले की बसती. दम न्हाई तिच्यात."

"भाता फाटला असेल."

"तीनदा उकलला, बेटा. कातडं नवं टाकलं. घे, तूच बघ."

त्यांनी उदबत्ती पेटवून माझ्या हातात दिली. हवा कुठून गळते हे शोधायची ही त्यांची जुनी रीत. ते पाय मारत राहिले आणि मी जोडाजोडाजवळून उदबत्ती फिरवली. धूर सरळ वर जात होता. कुठेही वळला नाही. माझ्या सगळ्या शिक्षणाला त्या पेटीत खोट सापडली नाही.

चाचांनी पट्ट्यांवरून फडकं फिरवलं. "मग कानच गेला म्हनायचा. आता मंडळाचे लोक आले की पेटी आशीच देऊन टाकतो आन् दुकान बंद करतो. ज्याला खोट सापडत न्हाई त्यानं दुसऱ्याच्या पेटीला हात लावू नये."

पंचावन्न वर्षं पेट्या उघडणारा माणूस हे बोलत होता. मी म्हटलं, मी परत येईपर्यंत थांबा. ते म्हणाले, "मंडळ महिनाभरानं येनार हाय, तवर हाय मी. तू एक काम कर. तिकडं गिरजाघरात म्हनं घराएवढी पेटी असती. माझे उस्ताद सांगायचे. बाजारात मी सांगितलं तर लोक हसायचे. तिचा दम कसा टिकतो तेवढं बघून ये."

बीटाचं गाव

आम्ही उतरलो ते उत्तर जर्मनीतलं एक लहान गाव होतं. सपाट काळी जमीन, मध्येच एखादं लाल कौलांचं घर, आणि शेतात जिथे तिथे बीटाचे ढीग. तिकडे साखर उसाची नसते, बीटाची असते. बीट म्हणजे आपल्या कोशिंबिरीतलं लाल नव्हे. पांढरं, मुळ्यासारखं, चांगलं दोन-दोन किलोचं. सोनवणे ढिगासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बीडचे मानसं बीट बघायला आले. आता गावाकडं कोन इस्वास ठेवील बे?"

एका सकाळी आम्हाला बीट काढणी दाखवली. एक यंत्र सहा ओळी एकदम उपटत, पाला कापत, माती झटकत पुढे जात होतं. आत एकच बाई बसली होती, कानात गाणी ऐकत. मी घड्याळ लावून बघितलं. माझे आईदादा मिळून एक कोयता, ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला तसंच म्हणतात. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत ते जेवढं तोडायचे तेवढं त्या बाईने आमचा चहा संपायच्या आत केलं. आईला हे सांगायचं का नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जेवणाचे हाल म्हणावेत असे झाले नाहीत. उकडलेला बटाटा रोज होता आणि बटाट्याला चव आणायला आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी होती. कारखान्याच्या उपाहारगृहात एका इंजिनियरने कुतूहलाने ती चमचाभर घेतली, मग पाण्याचे तीन पेले प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी थोडी आणखी मागायला आला. त्याच्याकडूनच मला कळलं की गावातल्या चर्चमध्ये तीनशे वर्षांपूर्वीचा मोठा ऑर्गन आहे, आणि शनिवारी दुपारी उर्सुलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका तिथे सराव करतात.

शनिवार

सोनवणे झोपले होते. मी एकटाच गेलो. चर्चच्या दगडी पायरीवर बूट काढले, मोजे तसेच ठेवले आणि आत गेलो. लाद्यांचा गारवा पोटरीपर्यंत चढला. आत कोणी नव्हतं. मागे वळून वर बघितलं आणि तिथेच उभा राहिलो.

दरवाजाच्या वर, पूर्ण भिंत भरून, ती पेटी उभी होती. चाचांचे उस्ताद घराएवढी म्हणायचे ते कमीच होतं. आमचं वाडीतलं घर तिच्या एका कोपऱ्यात मावलं असतं. करड्या चमकदार नळ्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्यात उंच नळ्या दोन्ही टोकांच्या बुरुजांत, दीड वर्षाच्या आडसाली उसापेक्षाही उंच. भोवती कोरीव लाकूड, पानं, फळं, पंखवाली बाळं. मग वरून कोणीतरी वाजवायला लागलं. आवाज कानात यायच्या आधी पायाखालच्या लादीत आला.

मी जिन्याने वर गेलो. सत्तरीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई वाजवत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, आणि स्वतःचा पाय उचलून दाखवला. त्यांच्या पायात मऊ, पातळ तळव्याचे बूट होते. त्या म्हणाल्या, "हे मी फक्त इथेच घालते. रस्त्यावर कधी नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच शाळेत शिकलेलं, सावकाश, एकेक शब्द तपासून घेतलेलं. त्यामुळे आमचं चांगलं जमलं. मी सांगितलं, आमच्याकडे वाद्याजवळ जाताना चपला काढतातच, कोणी सांगावं लागत नाही.

मी पेटीवाल्याच्या घरी वाढलो हे कळल्यावर उर्सुलाबाईंनी वाजवणं थांबवलं आणि बाजूचं एक लाकडी दार उघडलं. आम्ही त्या वाद्याच्या पोटात शिरलो.

आत शिडी, फळ्या आणि जिकडे बघावं तिकडे नळ्या होत्या. बाहेरून दिसतात त्या म्हणजे लग्नात पुढे बसलेले पाहुणे. खरी वऱ्हाडी मंडळी आत. काही नळ्या लाकडाच्या, चौकोनी, धान्याच्या कणगीएवढ्या. काही माझ्या करंगळीएवढ्या. लांब नळीचा आवाज खर्जातला, आखूड नळीचा बारीक. बासरीचंच तत्त्व. बहुतेक नळ्या शिट्टीसारख्या वाजतात: खालून हवा येते, फटीतून बाहेर पडते आणि नळीतला हवेचा खांब थरथरायला लागतो. पण एका रांगेतली नळी बाईंनी उपसून माझ्या हातात दिली. तिच्या बुडाशी पितळेची पातळ जीभ होती. सहा वर्षं मी अशा जिभा चाचांच्या डबीतून आकारवार लावल्या होत्या. ही तर आमचीच पेटी होती, फक्त डोक्यावर नळी घेऊन उभी.

सगळ्या नळ्या एका लांब पेटाऱ्यावर उभ्या असतात आणि त्या पेटाऱ्यात हवा भरलेली असते. वाजवणाऱ्याने पट्टी दाबली की पातळ लाकडी काड्यांची साखळी ओढली जाते आणि पेटाऱ्यातली एक छोटी झडप उघडते. पण तेवढ्याने नळी वाजत नाही. बाजूला लाकडी खुंट्या असतात. खुंटी ओढली की एका रांगेखालची भोकं पाडलेली पट्टी सरकते आणि त्या रांगेला वाट मोकळी होते. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात तसं. एक चावी पट्टीची, एक खुंटीची. दोन्ही लागल्या तरच ती नळी बोलते. एकाच पट्टीवर बासरी, तुतारी, घंटेसारखा किणकिणाट किंवा सगळं मिळून, काय पाहिजे ते खुंट्यांवर ठरवायचं.

मी विचारलं, हवेचा दाब किती? बाईंनी काचेची वाकडी नळी आणली. तिच्यात रंगीत पाणी होतं. आमच्या कारखान्यात बॉयलरच्या धुराड्याला अशीच नळी असते. ती पाहून माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. पाणी चढलं ते जेमतेम चार बोटं. म्हणजे चहावर आपण फुंकर घालतो तेवढाच जोर. एवढ्याशा फुंकरीवर तो दगडी हॉल हलत होता.

बाहेर आल्यावर बाईंनी मला बाकावर बसवलं. पायाखाली लाकडी पट्ट्यांची आणखी एक मोठी रांग होती. खर्जाचे सूर तिकडे पायांनी वाजवतात. त्या म्हणाल्या, "दाबा की."

माझा पाय पुढे होईना. पायपेटीत आपण भात्याला पाय लावतो, सुरांना नाही. बाईंना वाटलं, पट्टी मोडेल म्हणून मी घाबरतोय. मी बाकावरून उतरलो, गुडघ्यांवर बसलो आणि एक पट्टी दोन्ही तळहातांनी दाबली. सोळा फुटी नळी बोलली. माझे दात खडखडले. उर्सुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे असं दाबतात?" मी म्हटलं, आमच्याकडे हे नाहीच. असतं तर असंच दाबलं असतं.

खाली उतरलो तर पायरीवर बूट नव्हते. दाराशेजारी गरिबांसाठी जुने कपडे आणि बूट टाकायची लोखंडी पेटी होती. कोणा सज्जनाने पायरीवरचे बूट बघून, कोणीतरी दान ठेवून गेलं असं समजून ते तिच्यात टाकले होते. चावी असलेला माणूस सोमवारी येणार होता. उर्सुलाबाईंनी घरून आपल्या दिवंगत यजमानांच्या लोकरी सपाता आणून दिल्या. त्या घालून मी अर्धं गाव चालत अतिथीगृहावर आलो. सोनवण्यांनी दार उघडलं.

"बूट कुठं गेलते बे?"

मी सांगितलं. ते पलंगावर बसून पोट धरून हसले. "देवाच्या दारातून पायताण गेलं म्हंजे साडेसाती गेली समज. लई नशीबवान हायस."

त्याच वेळी माझ्या मोबाईलवर शबानाचा निरोप आला. शबाना चाचांची नात, बीडला कॉलेजात शिकते, सुट्टीला वडवणीला येते. तिने लिहिलं होतं: 'दत्ताकाका, मंडळवाले या बुधवारीच येतायत. त्यांच्याकडे सप्ताह आहे म्हणे. दादाजी म्हणाले पेटी न्या. हत्यारांची पेटी पण बांधून ठेवलीय.'

मी परत पोचणार होतो शुक्रवारी.

भात्याची खोली

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर मी बॅगेतल्या चपला घालून सपाता परत करायला म्हणून गेलो आणि उर्सुलाबाईंना चाचांच्या पायपेटीबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला मनोऱ्यातल्या एका खोलीत नेलं.

तिथे चार भाते एकाशेजारी एक होते. प्रत्येक भाता बैलगाडीच्या साटीएवढा, पाचरीच्या आकाराचा, आणि प्रत्येकावर दगड ठेवलेले. रोजच्या वापराला आता विजेचा पंखा आहे. पण हे भाते त्यांनी जपले आहेत आणि सणावाराला माणसाच्या पायांनीच चालवतात. प्रत्येक भात्याची एक लाकडी दांडी भिंतीतून बाहेर आलेली. माणसाने दांडीवर उभं राहायचं. दांडी खाली जाते आणि भात्याचा वरचा फळा दगडांसकट वर उचलला जातो. मग उतरायचं आणि पुढच्या दांडीवर जायचं. तोवर पहिला भाता दगडांच्या वजनाने सावकाश खाली येत हवा ढकलत राहतो.

भिंतीच्या लाकडावर चाकूने कोरलेली नावं होती. पिढ्यान्‌पिढ्या भाता तुडवणाऱ्यांची. वाजवणाऱ्यांची नावं खाली संगमरवरावर आहेत, ही फक्त इथे.

बाई म्हणाल्या, "मी वाजवते, तुम्ही तुडवा. लहानपणी तुडवलंय म्हणालात ना."

तुडवलं होतं. शाळेतून आल्यावर माझं कामच ते. चाचा पायपेटीत डोकं घालून सूर जुळवायचे आणि मी खुर्चीच्या कडेवर बसून पाय मारायचो. चाचा म्हणायचे, "थांबू नको, बेटा, थांबू नको." भुईमुगाच्या शेंगा तोंडात, पाढे मनात आणि पाय चालू. सत्तावीसचा पाढा मी पायपेटीवर पाठ केला आहे.

त्याच सवयीने मी दांडीवर चढलो. डावी, उजवी, डावी, उजवी, जोरात. तिकडून येणारा आवाज थरथरायला लागला, म्हातारा माणूस खोकता खोकता बोलतो तसा. वाजवणं थांबलं आणि बाई दारात आल्या. मला वाटलं, आता भाते तपासतील. त्यांनी भात्यांकडे बघितलंच नाही. माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

"आवाज हलला की आम्ही आधी तुडवणाऱ्याला बघतो," त्या म्हणाल्या. "भाता नंतर. घाई करू नका. तुम्ही हवा ढकलू नका. तुम्ही फक्त दगड उचला. ढकलायचं काम दगडाचं."

बाई परत वाजवायला गेल्या आणि मी पुन्हा चढलो. या वेळी सावकाश. दांडी पूर्ण खाली जाऊ दिली, अलगद उतरलो, दुसरीवर गेलो. आवाज भरला आणि तसाच राहिला, तांब्यात काठोकाठ पाणी राहावं तसा. दगडाचं वजन सुरुवातीला जेवढं तेवढंच शेवटी, म्हणून दाबही तेवढाच. हे मोठ्या पेटीच्या दमाचं गुपित. आपल्या पायपेटीत दगड नसतात, लोखंडी कमान, म्हणजे स्प्रिंग, असते, आणि हवेची पिशवीही लहान. त्यामुळे पायात काय होतं ते सगळं आवाजात उतरतं.

तिसऱ्या दांडीवर उभा असताना मला वडवणीचं दुकान आठवलं. आवाज बसायचा, सावरायचा, पुन्हा बसायचा. ठरावीक वेळाने. टाळ धरावा असा. पण गळतीला ताल नसतो. गळती म्हणजे सतत जाणं. ताल असतो तो पायांना. आणि त्या दिवशी मी उदबत्ती घेऊन भात्याभोवती फिरत होतो, पाय चाचा मारत होते. दोन वर्षांपूर्वी ते दुकानाच्या पायरीवरून पडले, तेव्हापासून त्यांचा उजवा गुडघा नीट वाकत नाही.

मी बाईंना वाजवत राहायला सांगितलं आणि उजवा गुडघा ताठ ठेवून तुडवायला लागलो. डाव्या पायाने चढलो की वेळेवर. उजव्याने चढताना उशीर. तेवढ्यात आधीचा भाता तळाला टेकायचा. आवाज बसला. सावरला. पुन्हा बसला. भाते दुसरे, देश दुसरा, पण बसणं अगदी तसंच. मी आठ-दहा वेळा करून बघितलं आणि दांडीवरच बसून राहिलो. चाचांच्या दुकानात पूर्वी पाय मारायला कोणीतरी असायचं. आधी मी, मग शबानाचे वडील, मग शबाना. आता चाचा एकटेच असतात. हातही त्यांचेच, कानही त्यांचेच, पायही त्यांचेच. ज्याचा पाय तोच ऐकायला बसला, तर पायाची खोट त्याला कशी ऐकू यायची?

उर्सुलाबाईंनी मला प्लमचा केक आणि कॉफी दिली. मी उरलेली चटणी त्यांना देऊन टाकली. त्यांनी ती लोणी लावलेल्या पावावर पसरून खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि झाकण घट्ट लावून फडताळात ठेवली. त्यांनी सांगितलं की त्या लहान मुलगी असताना वडिलांसाठी भाते तुडवायच्या, आणि पुढेही सणाला पाहुणा वादक आला की त्याच तुडवायच्या. आता चढवत नाही, म्हणून सणाला गावातला बेकरीवाला येतो. मी विचारलं, पहिल्यांदा दुसऱ्याला तुडवायला सांगताना वाईट वाटलं का? त्या म्हणाल्या, "एक वर्षभर मी सांगितलंच नाही. त्या वर्षी सगळे म्हणाले, ऑर्गन बिघडलाय."

संध्याकाळी सोनवण्यांना सांगितलं.

"म्हाताऱ्या मानसाला गुडघा गेला म्हनून सांगशील? त्यापेक्षा पेटी खराब निघाली म्हन. लाकूड खाल्लं म्हन वाळवीनं. गडी सुखानं दुकान बंद करील."

"ते पेटी उघडतील. वाळवी दिसणार नाही. मग परत कानावरच येतील."

"मंग फोन कर."

रस्त्याच्या गोंगाटात चाचांना फोन नीट ऐकू येत नाही. सगळ्याला हां हां म्हणतात. आणि ही गोष्ट दुकानात चार माणसांसमोर ओरडून सांगायची नव्हती. मी कागद घेतला. वसतिगृहात असताना त्यांना दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायचो, तसं लिहिलं. चार कागद फाडले. पाचव्याचा फोटो काढून शबानाला पाठवला आणि कळवलं की स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून घे, चाचांच्या हातात दे आणि बाजूला हो.

सोमवारी बूट परत मिळाले. मंगळवारी दुपारी यंत्रांच्या आवाजात उभा असताना शबानाचं उत्तर आलं. 'वाचलं. मग गुडघ्यावर हात ठेवून बसून होते. परत वाचलं. मग मला म्हणाले, मंडळवाल्यांना फोन लाव. सप्ताहाला दुसऱ्याची पेटी न्या म्हणाले. ही रविवारनंतर मिळेल.'

पत्र असं होतं:

तीर्थरूप गफूरचाचांस,
दत्ताचा सलाम.

तुम्ही सांगितलेलं काम केलं. मोठी पेटी बघितली. तुमचे उस्ताद खरं सांगत होते, उलट कमीच सांगत होते. बाजारात जे हसले त्यांना मी फोटो दाखवीन.

तिचा दम दगडांवर टिकतो. भात्यावर दगड ठेवलेले असतात, माणूस फक्त ते उचलून देतो. सगळं तपशिलात आल्यावर सांगतो. पण तिथे भाता तुडवताना मला तुमच्या पायपेटीची खोट सापडली असं वाटतं. मी चुकलो असेन तर माझा कान धरा.

आवाज बसतो तो एकाआड एक पावलाला बसतो. तुम्ही पुन्हा वाजवून बघा आणि कधी बसतो ते मोजा. गळती असती तर सारखी असती. भाता चांगला आहे. तुम्ही तीनदा उकलून तिन्ही वेळा तो बरोबरच जोडला होता, कातडंही बरोबर चढवलं होतं. कानही चांगला आहे. एवढीशी खोट ऐकू आली ती त्याच कानाला. मी ऐकूनही भात्यालाच दोष दिला, मी इंजिनियर असून. खोट उजव्या पायात आहे, चाचा. तुम्ही पडलात तेव्हापासून तो पाय वेळेवर खाली जात नाही.

हे लिहायला मला जड गेलं. सोनवणे म्हणत होते, पेटी खराब आहे असं सांग. पण तुम्ही मला लहानपणी एकदाही खोटं सांगून गप्प बसवलं नाही. आई कधी येईल विचारलं की उद्या म्हणायचा नाहीत, पाडव्याला म्हणायचात. मी रडायचो, पण दिवस मोजायला लागायचो. म्हणून खरं लिहिलं.

गुडघ्यासाठी दुकान बंद करायचं कारण नाही. या देशातही म्हाताऱ्या वाजवणारीच्या भात्यावर आता बेकरीवाला येतो आणि कोणी तिला पेटी सोड म्हणत नाही.

पेटी बुधवारी देऊ नका. हत्यारं सोडून ठेवा. मी शुक्रवारी पोचतो, रविवारी सकाळी पहिल्या गाडीने वडवणीला येतो. चाचींना सांगा, जेवायला आहे.

तुम्ही पेटीत डोकं घालून फक्त ऐका. पाय मी मारतो. तुम्ही म्हणेपर्यंत थांबणार नाही.

तुमचा,
दत्ता